मिगचा मान

सुग्रीवची नात प्रियंका आयटीआय पास होऊन नाशकाला विमानाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली, त्या सालची ही गोष्ट. सुग्रीवच्या घरातलं माणूस आजवर गाव सोडून गेलं ते ऊस तोडायलाच. दिवाळी झाली की घराला कुलूप, गाडीला बैल आणि पाडव्यापर्यंत मुक्काम कुठल्या तरी कारखान्याच्या फडात. त्या घरातली पोरगी पाठीला पिशवी लावून, एसटीत खिडकीजवळ बसून विमानं जोडायला गेली, तेव्हा सुग्रीवची मान जी ताठ झाली ती काही खाली येईना.

ताडकळसहून गावात शिरताना पहिलं लागतं ते भुजंगचं हॉटेल. हॉटेल म्हणजे डोक्यावर पत्रे, खाली दोन बाकडी आणि कोपऱ्यात एक टीव्ही. त्या उन्हाळ्यात सीमेवर धुमश्चक्री झाली आणि टीव्हीवर दिवसभर विमानंच विमानं दिसू लागली. ज्या बाकड्यांवर कापसाचा भाव आणि पावसाचा अंदाज यापलीकडे बोलणं जात नव्हतं, तिथं लोक बशीत चहा ओतता ओतता कुठलं विमान किती लांबून मारा करतं ते सांगू लागले. बघता बघता हॉटेलात दोन तट पडले. राफेलवाल्यांचे पुढारी व्यंकटराव आणि, नातीच्या कारखान्यात तेजस जोडतात म्हणून, तेजसवाल्यांचा पुढारी सुग्रीव.

व्यंकटराव सत्तरीच्या पुढचे. काळीभोर जमीन, दारात ट्रॅक्टर, तरी हौसेनं बैल ठेवणारे. गावच्या पोळ्याचा पहिला मान त्यांच्या घराण्याचा. सुग्रीव त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. लहानपणी व्यंकटरावांनीच त्याला ओढ्याच्या डोहात ढकलून पोहायला शिकवलं होतं आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत आले होते. पण पाहिल्याशिवाय दोघांनाही करमत नव्हतं.

"दोन इंजिनं हायत राफेलला," व्यंकटराव सुरुवात करायचे. "एक बंद पडलं तर दुसरं चालतंय. तुझ्या तेजसला एकच. अन् ते बी परदेशातलं."

"इंजिन परदेशातलं आसंल दादा, पण जलम तर हितला हाय. तुमचं राफेल पासपोर्ट घेऊन आलंय."

"पासपोर्ट घेऊन आलं म्हणून काय झालं? चाकाखाली लिंबं ठेवून घेतलंय त्याला देशानं. सगळ्या जगानं बघितलं. तुझ्या तेजसच्या चाकाखाली ठेवलं का कोणी लिंबू?"

"घरच्या लेकराची दिष्ट काढाया लिंबू कामून लागतंय? मीठ-मिरची बास व्हती."

भुजंग चहा गाळता गाळता हसायचा आणि दोन्ही तटांना साखर जास्त घालायचा. भांडण जितकं रंगायचं तितका चहा खपायचा.

ही विमानं हॉटेलात राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण ती गोठ्यात शिरली. सुग्रीवच्या घरच्या गायीचा एक गोऱ्हा होता. लाल कंधारी, तांबडाबुंद, मानेचा जाड, आखूड शिंगांचा. सुग्रीवनं त्याचं नाव तेजस ठेवलं. हे कळताच व्यंकटराव सांगोल्याच्या बाजारात गेले आणि तिथून एक खिलार घेऊन आले. पांढराशुभ्र, उंच, शिंगं अशी की उभ्या तलवारी. टेम्पोतून उतरतानाच त्याचं बारसं झालं : राफेल. दारातला जुना बैल त्याच्या जोडीला आला आणि सुखोई झाला.

तेजसचा जोडीदार मात्र म्हातारा होता. त्याचं मूळ नाव पवळ्या. जुवाला उजवीकडे पवळ्या आणि डावीकडे तेजस. पवळ्यानं सुग्रीवचा ऊस इतकी वर्षं ओढला होता की सुग्रीवचा मुलगा भारत प्रियंकाला शाळेत घालायला गेला तेव्हापासून तो दावणीला आहे, एवढंच सगळे सांगायचे. त्याला मिग म्हणायला लावलं भुजंगनं.

"देशाचं मिग साठ वर्षांपासून उडायलंय," तो म्हणाला, "अन् तुझा पवळ्या तव्हापासूनच चालायलाय. नाव शोभतंय गड्या."

नाव शोभलं आणि चिकटलं. लेकरंसुद्धा मिग म्हणू लागली आणि पवळ्या मिग म्हटल्यावर कान हलवू लागला.

आखाडात, श्रावण लागायच्या आधी, टीव्हीवर बातमी आली की हवाई दल सप्टेंबरात मिग कायमचं बंद करणार. व्यंकटराव त्या दिवशी हॉटेलात आले ते हसतच.

"सुग्रीवा, ऐकलं का रं? सरकारनं मिगला रिटायर करायचं ठरवलं. तुझा कव्हा करायलास?"

"मपला मिग अजून तुमच्या राफेलपेक्षा जास्त वढतो, दादा."

"राफेलपेक्षा?" व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली. "लेका, बोलताना जिभंला हाड ठेव. तो म्हातारा अन् ते तांबडं वासरू, ह्या जोडीनं माझ्या राफेल-सुखोईच्या पुडं जायाचं?"

"जायाचं काय, गेल्यालेच हायत. फडात या बघाया. चिखलातून उसाची गाडी काढताना ट्रॅक्टर रडतेत, मपली जोडी न्हाई रडत."

टीव्हीतला माणूसच तेवढा बोलत राहिला.

"ठरलं तर," व्यंकटराव म्हणाले. "गाडीत दगड भरू. ओढ्यापासून मारुतीच्या देवळापतोर चढ हाय. जी जोडी एका दमात नेईल ती जितली. तू हरलास तर आजपासून ह्या बाकड्यावर बसून तूच राफेलचा जयजयकार करायचा."

"अन् तुमी हरलाव तर?"

व्यंकटरावांच्या तोंडून जे निघालं ते त्यांना स्वतःलाही ऐकू आल्यावरच कळलं असावं. "हरलो तर यंदा पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल तुझा."

भुजंगच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. व्यंकटरावांच्या शेजारी त्यांचा मुलगा भागवत बसला होता. त्यानं बापाच्या मांडीला हात लावला. "आबा, मान काय शर्यतीला लावायची चीज हाय का?"

"जबान गेली आता," व्यंकटराव म्हणाले आणि उठले.

सुग्रीव त्या दिवशी घरी आला तो जमिनीवर पाय न टेकताच. ज्यानं पोळ्याची रांग पाहिलेली नाही त्याला हे समजायचं नाही. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. मंगलाष्टकं होतात. मग पहिला जातो मानाचा बैल आणि त्याच्या मागं घराण्याच्या वजनाप्रमाणे सगळं गाव. सुग्रीवचा बाप रांगेच्या शेपटाला उभा राहायचा. त्याच्याही आधी आजा तिथंच. त्यांची पाळी येईपर्यंत हलगीवाला दमलेला असायचा, तोरणाची अर्धी पानं गळालेली असायची आणि निम्मे लोक पुरणपोळीला घरी गेलेले असायचे. सुग्रीव लहान असताना एकदा त्यानं बापाला विचारलं होतं, "आपला बैल पुडं कव्हा जाईल?" बापानं नुसतं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता, त्याच्या हयातीत, गायीच्या पोटाला आलेला घरचा बैल पहिला जाऊ शकत होता. त्याचा फोटो प्रियंकाला जाऊ शकत होता.

"तेजसला पहिला न्यायचा," तो दगडाबाईला म्हणाला. "बस. बाकी काय नको मला."

दगडाबाई त्याची बायको. ती भाकरी थापत होती. "अन् मिगचं काय?"

"मिग जोडीला हायेच की."

"दगडाची गाडी अन् तो चढ. त्याचं वय काय झालंय बघा जरा. पडला तर?"

"पडत न्हाई तो. मिग हाय तो."

दगडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पुढं काही बोलली नाही. ती गप्प बसली की सुग्रीवनं सावध व्हायला हवं होतं. पण त्या दिवसांत त्याचं ध्यान आभाळात होतं.

शर्यत गुरुवारी सकाळी ठरली. शुक्रवारी पोळा. बुधवारी सुग्रीव ताडकळसच्या दुकानातून गोंडे, बेगड आणि शिंगांना लावायचा रंग घेऊन आला. प्रियंकानं फोनवर सांगितलं होतं, "आबा, विमानावरचं गोल चिन्ह काढणार आसाल तर ध्यानात ठेवा. केशरी भायेर, मधी पांढरा अन् हिरवा एकदम आतमधी. उलटं काढू नका, मी हितं सगळ्यांना फोटो दावणार हाय."

"तू आज काय केलंस गं कारखान्यात?"

"ते सांगायचं नसतंय आबा."

"आगं मला बी?"

"तुमाला तर बिल्कूलच न्हाई. तुमी भुजंगकाकाच्या हॉटेलात सांगताव."

सुग्रीवला याचाही अभिमानच वाटला. आपल्या नातीकडं देशाचं गुपित आहे, हे त्यानं लगेच हॉटेलात जाऊन सांगितलं.

गुरुवारी सकाळी अंघोळ करून, नवा फेटा बांधून सुग्रीव गोठ्यात गेला आणि दारातच थबकला. तेजस आणि मिग शांतपणे रवंथ करत होते. दोघांच्या खांद्यांवर हळद आणि लोणी चोळलेलं होतं. पिवळेधमक खांदे उन्हात चमकत होते. पुढ्यात दगडाबाई हात जोडून उभी होती आणि म्हणत होती, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

खांदमळण झाली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळून त्याला जेवायचं आवतण दिलं, की पोळा होईपर्यंत त्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. ह्यात पाटील नाही, सरकार नाही, कुणालाच सूट नाही. ज्याला आवतण दिलं त्याला कामाला कसं जुंपायचं?

"आगं ए! हे काय केलंस?" सुग्रीव ओरडला. "खांदमळण सांजंची असती!"

"अमावस्या लवकर लागायलीय म्हणे," दगडाबाई म्हणाली. "म्हणलं उशीर नको."

सुग्रीवनं कपाळावर हात मारला. आता ओढ्यावर जाऊन काय सांगायचं? बायकोनं बैल मळून ठेवले म्हणून? गाव म्हणेल, सुग्रीव भ्याला. तो तसाच ओढ्याकडं निघाला. दगड भरलेली गाडी तिथं उभी होती. भोवती लोक जमले होते. आणि समोरून व्यंकटराव येत होते. एकटेच. बैल नाहीत, कासरा नाही, तोंड उतरलेलं.

दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"तुझी जोडी कुठाय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"तुमची कुठाय?"

"कस्तुरानं सकाळीच खांदे मळले," व्यंकटराव बायकोच्या नावानं पुटपुटले. "म्हणती अमावस्या लवकर लागायलीय."

सुग्रीवनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी सुग्रीवकडं बघितलं. मग दोघांनीही एकदमच गावाच्या दिशेला बघितलं. आदल्या दिवशी दगडाबाई लोणी मागायला व्यंकटरावांच्या घरी गेली होती आणि कस्तुराबाईजवळ बराच वेळ बसली होती, हे दोघांनाही आता आठवलं. लोणी एका घरचं, हळद दुसऱ्या घरची आणि बुद्धी दोघींची मिळून.

पुढं कस्तुराबाईनं हे उघड कबूलच केलं. "तुमचे जितले तर सुग्रीव भावजीचं तोंड बघवलं नसतं, हरले तर तुमचं. अन् तो म्हातारा बैल चढावर पडला असता तर दोन्ही घरात पोळी शिजली नसती. इमानं तुमाला उडवायची तर टीव्हीत उडवा."

शर्यत मोडली. दगड भरलेली गाडी तिथंच राहिली. लोक हसत घरी गेले. व्यंकटराव मोठ्यानं हसले, सुग्रीवही हसला, पण घरी येऊन त्यानं तेजसच्या कुशीवर केशरी, पांढरा, हिरवा गोल काढायला घेतला तेव्हा त्याचा हात जड झाला होता. शर्यत नाही म्हणजे मान नाही. मान जिथं होता तिथंच राहिला. तेजस उद्या रांगेच्या शेपटालाच उभा राहणार, गोल काढलेला, शिंगं रंगवलेला, आणि त्याची पाळी येईपर्यंत हलगीवाला दमलेला असणार.

पोळ्याच्या दिवशी पाऊस नव्हता. मारुतीसमोर तोरण बांधलं. गावातले सगळे बैल आले. झुली, गोंडे, घुंगरमाळा, कपाळाला आरसे. राफेलला बघायला बाया ओट्यांवर चढल्या. त्याच्या शिंगांना चंदेरी बेगड, पाठीवर रेशमी झूल आणि झुलीवर भागवतनं छापून आणलेलं राफेलचं मोठं चित्र. सुग्रीव शेवटी उभा होता. उजव्या हाताला मिग, डाव्या हाताला तेजस. मिगला त्यानं फक्त गेरू लावला होता आणि एक माळ घातली होती. म्हातारा डोळे मिटून उभा होता, जसा दरवर्षी असायचा.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. हलगी वाजू लागली. व्यंकटराव राफेलचा कासरा धरून पुढं झाले आणि तोरणाच्या अलीकडं थांबले. त्यांनी धोतराच्या सोग्यातून दोन लिंबं काढली.

"हे काय आबा?" भागवतनं विचारलं.

"देशानं ठेवली, मी बी ठेवतो," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी राफेलच्या पुढच्या दोन्ही खुरांसमोर एकेक लिंबू ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भुजंग ओरडला, "राफेल टेकऑफला तयार हाय!"

राफेलनं पाय टाकला. लिंबू फटकन् फुटलं. खूर सटकला, रस उडाला, आणि सांगोल्याचा तो उमदा बैल असा उसळला की हलगीवाला हलगी टाकून पळाला. झूल एका बाजूला लोंबली. भागवत आणि आणखी दोघांनी कासरा धरला तेव्हा कुठं तो थांबला. लिंबं उचलली. जागा झाडली. पण राफेलला आता तोरणाखालची सगळी जमीन लिंबानं भरलेली दिसत होती. तो तिथं यायचा, खाली बघायचा, फुंकर टाकायचा आणि मागं सरायचा. ह्या गावातला हा त्याचा पहिलाच पोळा. तोरण म्हणजे काय, हलगी म्हणजे काय, त्याला काय ठाऊक? भागवतनं वैतागून त्याची शेपटी पिरगाळायला हात घातला तशी व्यंकटरावांनी त्याचा हात झटकला.

"खबरदार! पोळ्याच्या दिवशी बैलाला दुखवतो?"

बराच वेळ गेला. मानाचा बैल गेल्याशिवाय मागचा एकही बैल जाऊ शकत नव्हता. घरोघरी पुरणपोळ्या निवत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "राफेलला पेट्रोल न्हाई वाटतं!" दुसरा म्हणाला, "आता पाट्या फ्रेंचमधी लावा, आपल्या बोलीत लिवलेलं त्याला वाचता येत न्हाई!" गाव हसलं. व्यंकटरावांचा चेहरा घामानं भिजला होता. त्यांनी रांगेच्या शेपटाकडं बघितलं.

"सुग्रीवा!"

"जी दादा."

"आण तुझा तेजस पुडं."

भागवत म्हणाला, "आबा, शर्यत मोडलीय की."

"शर्यत मोडलीय. जबान मोडली न्हाई." व्यंकटराव राफेलला घेऊन बाजूला झाले. "आण लेका. मन पालटायच्या आत आण."

सुग्रीवनं मिगचा कासरा मागं उभ्या दगडाबाईच्या हातात दिला, तेजसचा आपल्या हाताला गुंडाळला आणि सगळ्या रांगेच्या कडेनं पुढं निघाला. दोन्ही बाजूंना माणसं वाट करून देत होती. रांगेत दुसऱ्या मानाला उभ्या सिताराम पाटलानं फेटा सावरला. कुणीतरी मोबाइल वर धरला. सुग्रीवला बाप आठवला आणि त्याचं बैलाच्या पाठीवरून हात फिरवणं आठवलं. तोरण आता हातभर राहिलं होतं.

तेजस थांबला.

त्यानं उजवीकडं मान वळवली. उजवीकडं कोणीच नव्हतं. कामाला लागला तेव्हापासून त्याच्या उजव्या अंगाला मिग होता. फडात, वाटेत, पाण्यावर, दावणीला. एकट्यानं पुढं जायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सुग्रीवनं चुचकारलं, कासरा ओढला, पाठ थोपटली. तेजस हलला नाही. त्यानं मान वर करून हंबरडा फोडला.

रांगेच्या शेपटाकडून मिगनं उत्तर दिलं.

"टावरशी बोलायलाय," भुजंग म्हणाला. आता तर गाव लोटपोट झालं. व्यंकटराव इतका वेळ आवरून होते, तेही पोट धरून हसू लागले. "देशी इंजिन बी बसलं की रं, सुग्रीवा!" सुग्रीवला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आयुष्यात एकदा पाळी आली आणि ती अशी.

तेवढ्यात दगडाबाईनं मागं कासरा सोडला. सुटला की सोडला, हे ती आजही सांगत नाही. मिग निघाला. घाई नाही, धांदल नाही. वर्षानुवर्षं उसाची गाडी ओढताना जी चाल लागली होती त्याच चालीनं, माणसांना किंचित बाजूला करत, तो सगळी रांग ओलांडून पुढं आला. तेजसच्या उजव्या अंगाला आला. सगळ्यांना वाटलं, आता थांबेल. पण मिग थांबला नाही. ह्या तोरणापलीकडं घर आहे आणि घरी पुरणपोळी आहे हे त्या सगळ्या आवारात त्याच्याइतकं कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. तो तोरणाखाली गेला, मान वर केली, आंब्याच्या पानांचा एक घास ओढला आणि तोरण तुटून त्याच्या शिंगांत अडकलं. तसाच पानं चघळत, शिंगांत तोरण मिरवत, तो पलीकडं निघून गेला.

त्याच्या मागं तेजस. आणि तेजसच्या मागं, बाकीचे जायला लागले तसा, राफेलही मुकाट्यानं, खाली जमिनीकडं बघत गेला.

हलगीवाला परत आला आणि जीव खाऊन वाजवू लागला. सुग्रीव तिथंच उभा होता. आपण हसावं की रडावं हे त्याला कळत नव्हतं. पहिला बैल त्याचाच गेला होता. पण ज्याच्यासाठी एवढं मांडलं तो नव्हे, ज्याला फक्त गेरू लावला तो.

व्यंकटराव जवळ आले. "मान तुझा न्हाई, बरं का."

"न्हाई कसा? बैल कोणाचा?"

"मिग काय तुझा एकट्याचा हाय व्हय रं? साठ वर्षं देशासाठी उडालाय तो. तुझा बी न्हाई, माझा बी न्हाई. समद्यांचा हाय."

"शेण तर मी एकटाच काढतो," सुग्रीव म्हणाला. "समद्यांचा हाय तर कडबा बी समद्यांनी घाला."

हे तो चिडून बोलला होता. पण व्यंकटरावांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी भागवत कडब्याच्या पेंढ्या घेऊन सुग्रीवच्या दारात आला आणि मग दर बाजाराच्या दिवशी येऊ लागला. व्यंकटरावांचा निरोप ठरलेला असायचा, "हे मिगसाठी हाय. तेजसनं खाल्लं तर हिशोब व्हईल."

प्रियंकाला व्हिडिओ गेला होता. तिचा फोन आला. "आबा, तेजस कामून थांबला?"

"जोडीदार नव्हता ना गं बाजूला."

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "हितं बी तसंच हाय आबा. नव्याला कोणी तरी जुनं संगं लागतंय. मला बी एक मावशीसारख्या बाई हायत, त्यांच्याशिवाय मशीनला हात लावत न्हाई मी." सुग्रीवनं हेही हॉटेलात सांगितलं, पण ह्या वेळी हळू आवाजात.

सप्टेंबरच्या शेवटी मिग विमानाला निरोप दिला, तो सगळ्या हॉटेलानं मिळून बघितला. बाहेर पाऊस कोसळत होता. त्या साली पावसानं कुणाचंच सोयाबीन ठेवलं नाही आणि लोकांना बघायला दुसरं काही उरलंही नव्हतं. टीव्हीत विमान उतरलं आणि दोन बाजूंनी पाण्याच्या गाड्यांनी त्याच्यावर कमान धरली.

"ही काय भानगड?" सुग्रीवनं विचारलं.

"सलामी हाय. पाण्याची," भागवत म्हणाला.

व्यंकटराव उठले. "चल सुग्रीवा. आपल्या मिगला बी द्यायची. फवारणीचा पंप काढ."

"पंप कशाला दादा? आभाळ फाटलंय की."

दोघं म्हातारे डोक्यावर खताची पोती घेऊन सुग्रीवच्या गोठ्यावर गेले. मिगला बाहेर काढलं आणि त्या कोसळत्या पावसात उभं केलं. व्यंकटरावांनी टाचा जुळवल्या आणि कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला. सुग्रीवनंही ठोकला. मिगनं अंग झाडलं आणि दोघांच्या तोंडावर चिखल उडवला. आतून दगडाबाई ओरडत होती, "म्हाताऱ्यांनो, न्युमोनियानं मरसाल, आत या!"

"बघू," व्यंकटराव पाणी निथळत म्हणाले, "मिग आधी बंद व्हतो का मी."

"तुमी दोघं बी चिवट हाव," सुग्रीव म्हणाला.

दिवाळीनंतर फडावर जायची वेळ आली. मिगला आता गाडीला जुंपायचं नाही, हे सुग्रीवनं ठरवलंच होतं. पण तेजसला उजवीकडं जोडीदार कुठून आणायचा? हे तो कुणाला बोलला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी व्यंकटराव स्वतः राफेलला घेऊन दारात आले.

"हा घेऊन जा पाडव्यापतोर. हितं बसून बसून माजलाय. जरा देशी कामाची सवय लागू दे. अन् मिगला माझ्या गोठ्यात बांध."

"दादा, राफेल अन् तेजस एका जुवाखाली?"

"मग काय झालं? देशात बी एकाच आभाळात उडायलेत ते." मग राफेलचा कासरा सुग्रीवच्या हातात देत म्हणाले, "पर उजवीकडं राफेल. सांगून ठेवतो. उजवीकडंच."

सुरुवातीला राफेल फडात बिचकला. उसाच्या पाचटाला घाबरला, मोळीला घाबरला, चिखलात पाय टाकताना जमीन हुंगून बघत राहिला. पण तेजस बाजूला होता आणि तेजसला आता कुणाला तरी वाट दाखवायची होती. पंधरवडाभरात दोघांचं जुळलं. सुग्रीव रोज फोन करून आधी राफेलच्या तक्रारी सांगायचा, मग व्यंकटराव मिगच्या सांगायचे. मिग कडबा निवडून खातो, मिग भागवतला ढुसण्या देतो, मिगनं कस्तुराबाईचं वाळत घातलेलं लुगडं चघळलं.

मग एक दिवस फोन भागवतचा आला. सुग्रीव गाडी भरून कारखान्याच्या वाटेला होता. त्यानं फोन ऐकला, भारतच्या हातात कासरे दिले, गाडीवरून खाली उतरला आणि उरलेली वाट राफेलच्या बाजूनं, त्याच्या पाठीवर हात ठेवून चालला.

सकाळी मिगपुढं कडबा टाकून आल्यावर ओसरीवर बसल्या जागी, पाच डिसेंबर दोन हजार पंचवीस, शुक्रवारी, व्यंकटराव वारले.